पाच वार, फाड पटकन

"फाड... आता फाड!"

हिंदमातेच्या कापडदुकानात काउंटरवर बोटं वाजवत संघमित्रा स्वतःशीच पुटपुटली. समोर कापड मोजणाऱ्या हितेंद्रने निळ्या थानाला कात्रीचा टच् दिला आणि टर्रकन आणखी एक तुकडा फाडला.

"अहो! फेट्यांचं कापड झालं होतं की पूर्ण!"

"तुम्हीच म्हणालात ना, फाड?"

"ते माझ्या ढोलवाल्यांना... मनातल्या मनात."

"ढोल फाडता तुम्ही?"

"फाड म्हणजे दणकून वाजव! आमचं अख्खं पथक असंच बोलतं."

गल्ल्यावरून मालकाने डोळे वटारले. हितेंद्रचा चेहरा इतका पडला, की संघमित्राने तो जास्तीचा तुकडाही पिशवीत टाकला. "राहू दे. बसेल कुणाच्या तरी डोक्यावर."

पण तिचा पाय काही निघेना. घोडपदेवच्या पथकात ताशा मुलीच्या हाती यायची ही पहिलीच वेळ. जयंतीच्या मिरवणुकीसाठी तिने नवा ठेका बसवला होता, आणि त्याच्या वळणावर ढोल हमखास घसरत होते. "नाक्यावर घसरलात, तर पुढल्या वर्षी ताशा परत माझ्याकडे," विकासदादाने बजावलं होतं. इतकी वर्षं ताशा त्याचाच होता. आणि हा बाबा मघाशी थान आपटताना काय बरं बडबडत होता? तिने त्याला विचारलंच.

"ते? सवय आहे हो. पाच वार, पक्का काठ, फाड पटकन!"

"परत म्हण."

तुम्हीवरून ती तूवर कधी आली, दोघांनाही कळलं नाही. त्याने थान आपटलं—धप्प!—आणि परत म्हटलं.

"बघ, 'प'ला ओठ आपटतात. तो ढोल! 'ट'ला जीभ टाळूवर टिचकी मारते. तो माझा ताशा!"

"तू माझ्या तोंडाकडे बघतेयस?"

"उच्चार बघतेय."

"मग... सावकाश म्हणू?"

संघमित्रा लाजली, आणि लाजल्याचा स्वतःलाच राग आला.

त्याच संध्याकाळी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे तिने सगळ्यांचे ढोल खाली ठेवायला लावले. "आधी तोंडाने वाजवा!" हात चुकतो, पण जिभेला एकदा सवय लागली की ती चुकत नाही. हितेंद्र रोज दुकान सुटलं की 'उच्चार तपासायला' येऊ लागला. कुणाचे तपासायचा, ते सगळ्यांना दिसत होतं. पोरं शिट्ट्या मारायची, आणि संघमित्रा उगाच ताशाच्या दोऱ्या आवळत बसायची.

मिरवणूक नाक्यावर आली. ठेक्याचं वळण जवळ आलं आणि नेमका बाजूच्या गल्लीतला डीजे सुरू झाला. ताशा ऐकूच येईना. ढोलवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. विकासदादाने कपाळाला हात लावला. गेला... आपला ताशा गेला! संघमित्राच्या मनात आलं. मग तिने काड्या उंच उचलल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"पाच वार!"

"पक्का काठ!" गर्दीतून हितेंद्रचा आवाज आला.

"फाड पटकन!" अख्खं पथक गरजलं, आणि सगळे ढोल एका घावात वळणावरून पुढे निघाले. डीजे बिचारा कुठल्या कुठे विरून गेला! लोक खिडक्यांतून नाचत होते.

"ताशा तुझाच गं पोरी!" विकासदादा ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते.

ठेका संपला. हितेंद्र गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर आला.

"फाडलंस! मला... प..." दिवसभर घडाघडा बोलणारा पठ्ठ्या अडला.

"पाच वार?"

"नाही गं. प..."

"ओठांचा आहे, म्हणजे ढोल," ती घामेजल्या चेहऱ्याने हसली. "घाबरतोस काय? फाड!"

त्याच्या कानांत अजून ढोलच घुमत होते. आपण किती मोठ्याने बोलतोय, त्याला कुठलं कळायला!

"प्रेम आहे माझं तुझ्यावर!"

अख्ख्या नाक्याने ऐकलं. मागून सगळे ढोल एकदम वाजले—धप्प!

संघमित्राने कमरेला गुंडाळलेला तो जास्तीचा निळा तुकडा सोडला.

"पक्का ना?"

"पक्का!"

"मग वाक पटकन. फेटा बांधायचाय."