कासव डोकं बाहेर काढेपर्यंत

इचलकरंजीच्या खेळपेढीत त्या सोमवारी तीनशे बारा खेळ होते. सगळे संगणकावरचे, एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. पहिल्या मांडणीत दोनशे सहा, दुसऱ्या मांडणीत अठ्ठ्याऐंशी आणि तिसऱ्या मांडणीत अठरा. पहिल्या मांडणीतले खेळ एका सेकंदाच्या आत उत्तर देत, दुसऱ्या मांडणीतले तीन सेकंदांच्या आत. तिसऱ्या मांडणीतले त्याहून सावकाश होते आणि त्यांच्या डब्यांवर धूळ होती.

रंग, प्राणी, अंक अशी वर्गवारी केव्हाच मागे पडली होती. मूल पडद्याला बोट लावतं आणि पडदा काहीतरी करतो. या दोहोंमधला वेळ म्हणजे खेळाची उत्तरवेळ. उत्तर आलं नाही तर मूल जितका वेळ वाट पाहतं आणि मग दुसरीकडे वळतं, तो त्याचा थांबकाळ. दोन ते साडेचार वर्षांच्या दरम्यान मेंदू जगाचा वेग ठरवत असतो. जे सर्वांत जास्त वेळा उत्तर देतं त्याच्याकडून तो हा वेग शिकतो, आणि बहुतेक घरांत ते पडद्यावरचंच काहीतरी असतं. हे कळल्यापासून लहान मुलांच्या खेळालाही औषधासारखी चिठ्ठी लागू लागली. चिठ्ठी लिहिणाऱ्याला खेळनिवडकार म्हणत. इचलकरंजीला डॉ. जान्हवी हुपरे या एकट्याच खेळनिवडकार होत्या.

त्या सोमवारी सानिका लाटकर आपल्या तीन वर्षांच्या जुईला घेऊन आली. नवरा आठवडाभर पुण्याला असे, त्यामुळे घरात ती, जुई आणि सानिकाचे वडील महेशराव. महेशरावांनी पस्तीस वर्षं मागांवर जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्तीचं, काम केलं होतं. नुसत्या आवाजावरून माग कुठे अडतोय ते सांगत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, बोलणं मागे राहिलं. त्यांना शब्द माहीत असे, पण तोंडात यायला वेळ लागे. जुई त्यांना काही विचारी आणि उत्तर यायच्या आत निघून जाई. सानिकाने हे सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाली, “पप्पांना दुसरं कोण आहे बोलायला? हिनं त्यांच्याजवळ बसावं, एवढंच पाहिजे.”

घरात आठवडाभर ध्वनियंत्र ठेवून हुपऱ्यांनी मोजलं. जुईचा थांबकाळ एक पूर्णांक दोन सेकंद. महेशरावांची उत्तरवेळ सहा पूर्णांक एक.

त्यांनी तिसऱ्या मांडणीतून एक डबा काढला, फडक्याने पुसला आणि चिठ्ठी लिहिली. खेळ साधा होता. कासवाच्या पाठीवर बोट लावलं की ते डोकं बाहेर काढतं आणि तोंडातली वस्तू दाखवतं. कधी पेरू, कधी चप्पल. त्याआधीच पुन्हा बोट लावलं तर डोकं आत जातं. कासवाला लागणारा वेळ मुलाच्या थांबकाळापासून सुरू होई, रोज एक दशांश सेकंदाने वाढे आणि चिठ्ठीतल्या आकड्यावर येऊन थांबे.

“म्हणजे माझ्या पोरीला आळशी कासव शिकवणार,” सानिका हसून म्हणाली.

“आळशी नाही, सावकाश. पन्नासेक दिवस लागतील.”

एक्कावन्न दिवस लागले. बावन्नाव्या दिवशी जुईने फळीवरून लाकडाची एक गुळगुळीत वस्तू काढली, आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, “आबा, हे काय?” मग ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हललीसुद्धा नाही.

“धोटा,” महेशराव म्हणाले.

“कुणाचा?”

पुन्हा सहा सेकंद. “माझा.”

त्या संध्याकाळी त्यांनी तिला धोट्यापासून सुरुवात करून मागाचे बारा भाग सांगितले. सानिका आत भाकरी थापत होती. तिने मध्ये एकदाही बाहेर डोकावलं नाही. डोकावलं तर मोडेल असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती खेळपेढीत पेढे घेऊन गेली.

चार महिने बरे गेले. मग बालवाडीच्या बाईंनी निरोप धाडला की जुई बोलत नाही. हुपरे जाऊन तासभर कोपऱ्यात बसल्या. जुई बोलत होती. तिने तासाभरात तेवीस वेळा कुणाला ना कुणाला काही विचारलं. उत्तर लगेच येई, पण त्यात आणखी काही येणार आहे असं धरून ती सहा सेकंद गप्प राही. तेवढ्यात समोरचं मूल निघून जाई. बाईंनी प्रश्न विचारला तर तिची पाळी दुसरंच कुणी घेऊन जाई. तेवीसपैकी पाच बोलणी पुरी झाली. मुलं तिला कासव म्हणत. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती फक्त थांबत होती.

हुपरे लाटकरांच्या घरी आल्या तेव्हा महेशराव खुर्चीत होते आणि जुई त्यांच्या पायाशी. हुपऱ्यांनी बालवाडीतलं टिपण सानिकाच्या हातात दिलं.

“दोन थांबकाळ नाही का ठेवता येत?” सानिकाने विचारलं. “पप्पांसाठी एक, बाकीच्यांसाठी एक?”

“पाच वर्षांनंतर येतात. आत्ता मेंदू एकच ठेवतो. आणि साडेचारला जो असेल, तोच पाया राहतो.”

“मग मी काय करू, तुम्हीच सांगा.”

हुपऱ्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. सुरुवातीला जुईचं माप घेताना घरात आठवडाभर ध्वनियंत्र ठेवलं होतं. अर्जात रकाना फक्त मुलाचा होता, पण यंत्राने घरातली सगळीच बोलणी मोजली होती. “तुमचाही आकडा आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “वडिलांसाठी तुम्ही एक पूर्णांक नऊ सेकंद थांबता.”

“मी थांबतेच की त्यांच्यासाठी. सारखी थांबते.”

“एक पूर्णांक नऊ. मग त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करता.”

सानिकाने कपाळावरचे केस मागे सारले. “मोठ्यांसाठी नाही का एखादा खेळ?”

“मोठ्यांना लागत नाही. मोठी माणसं ठरवून थांबू शकतात.”

महेशरावांनी हात वर केला. दोघी त्यांच्याकडे वळल्या. “कासव,” ते म्हणाले आणि पुढचा शब्द शोधू लागले.

“राहू दे म्हणताय ना, पप्पा?” सानिका म्हणाली. “राहू दे कासव. मलापण तेच वाटतंय.”

महेशरावांनी मान हलवली. नाही. जुई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सानिकाने ओठ मिटून घेतले.

“परत दे,” महेशराव म्हणाले.

मग त्यांनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला. सानिका त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली की आता मी थांबेन, रोज थांबेन, पप्पा, बघा तुम्ही. महेशराव हसले. जुईही हसली, जराशी उशिरा.

हुपऱ्यांनी पहिल्या मांडणीतला बेडकाचा खेळ लिहून दिला. बोट लावताच बेडूक उडी मारी. कासवाचा डबा त्यांनी परत नेला आणि तिसऱ्या मांडणीत ठेवला.

अकरा आठवड्यांनी पुन्हा मापं घेतली. बालवाडीत जुईने तासाभरात एकतीस वेळा बोलणं सुरू केलं. अठ्ठावीस पुरी झाली. बाई खूश होत्या. जुईने एका मैत्रिणीला मागाचे दोन भाग सांगितले, तिसरा सांगायच्या आत दोघी घसरगुंडीकडे पळाल्या.

घरी ध्वनियंत्र आठवडाभर ठेवलं. या वेळी अर्जात तीन रकाने होते.

जुई, थांबकाळ: एक पूर्णांक चार सेकंद.

सानिका, थांबकाळ: दोन पूर्णांक तीन सेकंद.

महेशराव, उत्तरवेळ: सहा पूर्णांक एक सेकंद.