पादचारी मार्गावरची टोपली

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. माझी पंचशीलामावशी खोटं बोलत नाही, आणि भुताखेतांना तर आमच्या घरात कुणीच मानत नाही.

एप्रिल १९९३. भाईंदर पश्चिम. भर दुपारी साडेबाराची वेळ.

मोरवा गावाकडे जाताना मिठागराच्या जुन्या बांधावर नवा 'सावित्रीबाई फुले पादचारी मार्ग' झाला होता. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंती, मधे जेमतेम दोन माणसांची वाट. गावातल्या बायका दुपारी तिथून जात नसत. मावशी हसायची. सावित्रीमाईचं नाव लावलेल्या वाटेवर कसली आलीय भीती?

त्या दिवशी दीड वर्षाची संघप्रिया तापाने फणफणली होती. दवाखाना एक वाजता बंद होणार. मावशीने लेकीला कडेवर घेतलं आणि त्याच जवळच्या वाटेने निघाली.

अर्ध्यावर पोचली…

मागून ओली पावलं. चपक… चपक…

"बाय, जरा हात लाव गो. मानंला कल लागली."

मावशी मराठवाड्यातल्या खेड्यातली. मानेला कळ म्हणजे डोक्यावर ओझं; अशा बाईने हात मागितला, तर नाही म्हणायचं नसतं. तिने पोरीला भिंतीला टेकवून खाली बसवलं, वळली. उन्हाने डोळे दिपून मिटले होते, म्हणून न बघताच हात वर केले.

टोपली हातात आली. गच्च भरलेली. खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तिने डोळे उघडले…

समोर बाई नव्हती.

हातांत टोपलीही दिसत नव्हती. वजन मात्र होतं. हात खाली येईनात. पाय हलेनात.

चपक… चपक… पावलं तिला ओलांडून पुढे निघाली.

त्यांच्याबरोबर संघप्रिया. सकाळपासून डोळे न उघडलेली पोर, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा एक हात वर करून, दुडूदुडू चाललेली.

मावशी मनातल्या मनात लेकीला हाका मारत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरून हरिश्चंद्र नावाचा वॉचमन पोरीला उचलून घेऊन आला.

"ताई, हात वर करून काय उभ्या?" त्याने विचारलं, आणि वजन सुटलं.

पोरीचा ताप पार उतरला होता. हरिश्चंद्रनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं, मग घरी आणलं. दवाखान्याच्या काट्यावर ती नऊ किलो भरली. नेहमीइतकीच.

घरी येऊन मावशीने तिला कडेवर घेतलं… आणि टोपलीचं तेच गच्च वजन हातांत आलं, मनगटावरून खारं पाणी ओघळलं. हात सुटायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर तिने लेकीला कधीच उचललं नाही. पोर रडायची, हात वर करायची. मावशी भिंतीला पाठ लावून रडत उभी राहायची.

संघप्रियाला आजही वाटतं, आईचा आपल्यावर जीव नव्हता. आम्ही कुणी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय?