दुपारचा ठसका

“कारखाना पुतण्याला विकायचं ठरवलंय,” वहिनींच्या कचेरीत खुर्चीत टेकता टेकताच म्हातारे मास्तर म्हणाले. “डोकं दगा देतंय माझं.”

मास्तर म्हणजे व्हायोलिन दुरुस्त करणारे नावाजलेले कारागीर. दुपारी झोपताना ते कानाचं मशीन काढून डबीत ठेवत. उठून पाहावं तर डबी रिकामी! चहाच्या वेळी मशीन सापडे. कधी डबीतच, कधी फोनशेजारच्या फळीवर.

“आणि घातलं की कानात किंचाळतं. आवाज मीच वाढवला असणार, पण आठवत नाही. बायकोला सांगितलं, तर तिनं नुसती मान डोलावली. तिलाही पटलंय म्हणजे.”

वहिनींच्या मदतीला असलेल्या भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला.

वहिनींनी मशीन निरखलं. कानामागे अडकवायचं, टोकाला मऊ रबरी बोंड, कुणाच्याही कानात बसेल असं.

कानाच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून वहिनींनी खासगी तपासाची पाटी लावली, तेव्हापासून हे धाकटे दीर त्यांच्या सोबतीला होते. भाऊजींना चोर ताबडतोब दिसला.

“पुतण्याच!” जिना उतरताना ते कुजबुजले. “काकाला वेडं ठरवायचं नि कारखाना लाटायचा.”

“बघू या,” वहिनी म्हणाल्या.

पुतण्या कारखान्यात व्हायोलिनच्या सांध्याला सरस लावत बसला होता.

“कारखाना मला हवाय, खोटं कशाला बोलू?” तो म्हणाला. “पण असा नको. काका विसराळू? परवाच नुसत्या आवाजावरून त्यांनी माझी चूक पकडली.”

“काकू काय म्हणतात?”

“तिला तिच्या ठसक्यातून सवड कुठंय? सकाळी नाही, रात्री नाही, नेमका दुपारी. औषधाच्या बाटल्या संपल्या, छातीचा फोटो स्वच्छ आला, ठसका आहे तिथंच.”

घरात काकू तोंड धुऊन आल्या. पदराचं टोक कानात फिरवून पाणी टिपलं आणि खोकल्या.

“पाण्याचा ठसका लागला वाटतं,” भाऊजी कळवळले.

काकूंनी चहा आणला. वहिनींनी कप ओठांसमोर धरला. “साखर जरा जास्त झाली हं.”

“हो ना, गरमी फारच आहे,” काकू म्हणाल्या.

वहिनींनी कप खाली ठेवला. “नातवंडं?”

काकूंचा चेहरा उजळला. “लेकीची मुलगी. नुकती बोलायला लागलीय. दुपारी फोन असतो तिचा.”

वहिनींनी काका-पुतण्याला बोलावून घेतलं आणि काकूंसमोर बसून सावकाश बोलायला सुरुवात केली.

“मास्तर, तुमचं डोकं ठणठणीत आहे. मशीन रोज कुणीतरी वापरतं. नुसतं लपवणारा आवाज कशाला वाढवेल? वाढवतो तो ज्याला कमी ऐकू येतं. काकू ओठ पाहून बोलणं ओळखतात. ओठ झाकले, तर साखरेची गरमी झाली!”

“पण ठसका?” भाऊजींनी विचारलं.

“तोच तर साक्षीदार. कानाच्या नळीत ज्या मज्जातंतूची फांदी येते, त्याच्याच फांद्या घशाकडेही जातात. थोड्या लोकांत असं होतं, की कानात काही टेकलं की शरीराला वाटतं घशात अडकलं. रोग नव्हे, नुसती उलटसुलट प्रतिक्षिप्त क्रिया. पदराचं टोक कानात गेलं, ठसका. मशीनचं बोंड गेलं, ठसका. म्हणून तो दुपारीच. आणि मशीन फोनशेजारी सापडतं.”

भाऊजींना पुतण्याकडे बघवेना.

काकूंचे डोळे भरले. “ती ‘आजी’ म्हणते हो, अन् मला नुसती चिवचिव ऐकू यायची. जन्मभर यांना बहिरोबा म्हणून चिडवलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?”

“एवढ्यासाठी? आणि मी वेडा झालो म्हटलं, तेव्हा मान डोलावलीस ती?”

“कधी म्हणालात?” काकू हादरल्या. “अहो, मला ऐकूच आलं नाही! मला वाटलं, जेवण छान झालं म्हणताय!”

पुतण्याला हसू फुटलं. मास्तर मात्र हसले नाहीत. ते उठून काकूंच्या शेजारी बसले.

“विक्री रद्द,” ते पुतण्याला म्हणाले. “रिक्षा आण. हिला स्वतःचं मशीन घेऊ.”

“काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

मास्तर त्यांच्या कानाशी वाकले आणि बराच वेळ काहीबाही बोलत राहिले. भाऊजींना शब्द कळले नाहीत, पण काकू लाजून म्हणाल्या, “इश्श! हळू बोला, लोक आहेत.”