वाऱ्याची पिशवी

"माझ्या मुलाचं नाव त्या दगडावर हवं," मावशी म्हणाल्या.

लष्करी विमानतळाच्या धोबीखान्यात त्या कामाला होत्या. लढाई संपली आणि त्यांचा वैमानिक मुलगा विमान घेऊन परत आला. पण उतरताना धावपट्टी ओलांडून खंदकात गेला. सगळ्या लढाईतून वाचलेलं पोर घराच्या दारात गेलं! वर चौकशीवाल्यांनी ठपका ठेवला, की रुबाब दाखवायला वेगानं उतरला. तळावरच्या स्मारकाच्या दगडावर सगळ्यांची नावं येणार होती, त्याचं तेवढं नाही.

खाजगी गुप्तहेर नाना मावशींच्या खोलीत बसून मुकाट्यानं ऐकत होते. त्यांच्या मेहुण्याला मात्र गप्प बसवत नाही. त्यानं टेबलावरच्या कापडाला टिचकी मारली.

"मावशी, हे कापड आहे की पत्रा?"

मावशी कसनुसं हसल्या. "हाताला सवयच आहे हो. तो यायचा म्हणून तळावरचं एकूण एक कापड धुतलं मी, असंच कडक. म्हटलं, पोराला वरूनसुद्धा सगळं लख्ख दिसू दे."

मेहुण्याला आपल्या जिभेची लाज वाटली.

तळावरचा मेकॅनिक आधीच वैतागलेला होता. "ब्रेक ठीक होते, माझ्यावर ढकलू नका. समोरून जोराचा वारा होता. मी आत शेडमध्ये होतो, पण ती बघा पिशवी, त्या दिवशी ताठ आडवी दिसत होती."

धावपट्टीच्या कडेला खांबावर एक लांबट कापडी पिशवी होती. वारा असला की ती फुगून आडवी होते, पडला की लोंबते. लढाईनंतर तळावरचा रेडिओ काढून नेला होता. वैमानिकाला वारा सांगणारी तेवढी ती पिशवीच उरली होती.

"समोरून वारा असताना वेगानं उतरलं तर?" नानांनी विचारलं.

"तसंच उतरतात, साहेब. वाराच विमानाला अडवतो."

"मग अडवलं का नाही?" मेहुण्यानं विचारलं.

"मेहुणे," नाना हळूच म्हणाले, "आज लाखमोलाचं बोललात."

भटारखान्यातला आचारी तर उखडलाच. "वारा? कसला डोंबलाचा वारा! स्वागताची टेबलं बाहेर मांडली होती, कागदाची झालर हलत नव्हती. चुलीचा धूर सरळ वर. घामानं निथळत होतो मी."

नाना खांबाशी गेले. मधल्या पावसात भिजून पिशवी मऊ पडली होती. खाली खांबावर पांढरट ओघळ वाळले होते. नानांनी नखानं खरवडून वास घेतला. मग ते तडक मावशींकडे निघाले.

"भावोजी, आता तरी सांगा की!" मावशींच्या खोलीत मेहुणा म्हणाला.

"वारा नव्हताच," नाना म्हणाले. "धूर सरळ वर जात होता. तरी पिशवी ताठ होती, कारण तिला दाट खळ घातली होती. नंतर पावसानं ती खळ धुऊन खांबावर उतरवली. मावशी, तुमच्या मुलानं ताठ पिशवी बघितली आणि जोराच्या वाऱ्यात उतरतात तसाच तो वेगानं उतरला; अडवायला वाराच नव्हता. त्याचं काहीच चुकलं नाही."

"पण खळ घातली कोणी?" मेहुण्यानं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

मावशी टेबलावरच्या कापडाकडे बघत होत्या.

"मी," त्या म्हणाल्या. "खांबावरून उतरवून घेतली होती."

नानांना जागेवरून उठून जावंसं वाटत होतं.

"कोणी घातली ते सांगितल्याशिवाय चौकशीवाल्यांना पटायचं नाही ना?" मावशींनीच विचारलं.

"नाही, मावशी."

"मग लिहा माझं नाव. मी सही करते. त्याचं नाव दगडावर येऊ दे."

मेहुणा तोंड फिरवून रडत होता. नानांनी कागद पुढे ओढला.

"उतरताना त्यानं ती पिशवी बघितली असेल ना?" मावशींनी विचारलं.

"बघितली."

"अगदी पांढरीशुभ्र होती हो."