नायिकेसाठी सपरेट दूध

"कोणाच्या वासराले पायजे सपरेट?" वच्छलानं मान वर न करताच विचारलं.

मान वर करायला सवडच नव्हती. साय काढायच्या यंत्राचा दांडा एका लयीत फिरवत राहावा लागे. वेग जरा कमी पडला, की दांड्याजवळची घंटी टिणटिण वाजू लागे आणि आतून बाबांचा आवाज येई — "वच्छले, हात चालव वो!"

दारातल्या माणसानं पितळी गडवा या हातातून त्या हातात घेतला.

"वासराले नाई..." शेवटी तो म्हणाला, "मलेच पायजे."

घंटी वाजू लागली.

वच्छलानं वर पाहिलं आणि तिचा हात थांबलाच. दारात मुखरू उभा होता. पळसटोल्याच्या नाटक मंडळीची नायिका!

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सालची ही गोष्ट. राजधानी बदलली, तरी वैनगंगेच्या काठी पळसटोल्यात पिकत्या धानाचा वास तोच होता आणि दिवाळी जवळ आली की बोलायचा विषयही तोच — मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक. गावच्या बायका तेव्हा रंगमंचावर येत नसत. नायिकेचं काम गड्यालाच करावं लागे, आणि मुखरूसारखी नायिका आरमोरीपासून वडशापर्यंत कुणाकडे नव्हती. दिवसा बैलांमागे ओरडणारा हा गडी साडी नेसून उभा राहिला, की मांडवातल्या बाया पदरानं डोळे पुसत. मागच्या साली वच्छलानंही पुसले होते.

पण तो मुखरू आणि हा... गालांना गोलाई आली होती, सदऱ्याच्या गुंड्या कशाबशा तग धरून होत्या.

"फुगले ना जी तुमी, मुखरूभाऊ!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"तापातून उठलो अन् मामीच्या हाती सापडलो," तो ओशाळून म्हणाला. त्याला लहानपणापासून वाढवलं ते मामानं आणि सुगंधामामीनं. हिवतापानं पोर वाळलं, म्हणून मामीनं उन्हाळाभर त्याला असं काही खाऊ घातलं, की आता नायिकेच्या पोलक्याचे हूक लागेनात. आणि पोलकं राहिलं बाजूला, खरी पंचाईत तिसऱ्या अंकात होती. तिथं नायिकेला मूर्च्छा येते आणि नायक तिला दोन्ही हातांवर उचलून नेतो. नायक होता बिरजू, वेळूच्या काडीसारखा. पहिल्याच तालमीत त्यानं मुखरूला उचललं आणि दोघंही धपकन मातीत आडवे.

"गुणवंतराव म्हणते, मंडईपर्यंत हलका हो, नाई तं नागपूरहून नाटकवाली बाई आणतो," मुखरू म्हणाला. गुणवंतराव म्हणजे मंडळीचे मालक. "आरमोरीच्या कंपाउंडरले विचारलं. तो म्हणे, साय सोड, लोणी सोड, सपरेट पी."

सपरेट साऱ्या पंचक्रोशीत एकाच घरी मिळे. वच्छलाच्या बापानं, देवाजी गोलकरानं, वरोऱ्याहून ते जुनं यंत्र आणलं होतं. वरच्या भांड्यात दूध ओतायचं आणि दांडा फिरवायचा. एका चोचीतून घट्ट पिवळसर साय येई, दुसरीतून निळसर, पाण्यासारखं दूध. सायीचं तूप होऊन बाजारात जाई आणि ते निळसर दूध, म्हणजेच सपरेट, वासरांना.

वच्छलानं गडवा भरून दिला. तो तिथंच उभ्यानं प्याला आणि डोळे मिटून घेतले.

"कसं लागते?"

"चुन्याची भिंत चाटल्यावानी."

ती खुदकन हसली. तोही हसला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

मग तो रोजच येऊ लागला. सकाळी धुकं नदीवरून वर सरकत असे, वच्छला दांडा फिरवत असे आणि तो उंबऱ्याशी बसून आपली भाषणं पाठ करत असे. कधी मधेच तिला विचारी —

"'प्राणनाथ' म्हणताना मान खाली घालू, का तिरपी करू?"

"मले काय माहीत? मी कोणाले म्हटलं आहे काय प्राणनाथ?"

"मंग म्हणून पाय ना एकडाव..."

"दूध नासन!" ती म्हणे, आणि कानापर्यंत लाल होई.

एकदा ती दुधाची घागर उचलत होती. पदर खोचला, डाव्या कोपरानं कपाळावरची बट मागे सारली, घागर कमरेवर घेतली. मुखरू तिच्याकडे टक लावून बघत होता.

"काय पायता?"

"मागच्या सालच्या नाटकात मी घागर उचलतो तो परवेश आठवते?"

तिला आठवला. डाव्या कोपरानं बट सारण्यापर्यंत सारा आठवला, आणि तिचे हात घागरीवरच थबकले.

"तुह्यावरूनच घेतला होता," तो हळूच म्हणाला. "नदीवर पायलं होतं तुले. लय डाव पायलं."

त्या दिवसानंतर वच्छलानं त्याला भाऊ म्हणणं सोडलं. दुसरं काय म्हणावं हे मात्र सुचेना, म्हणून ती त्याला कशानंच हाक मारीनाशी झाली.

घर नात्यागोत्यात बसणारं होतं. मुखरूची शेती बरी होती. सुगंधामामीनं विहिरीवर लग्नाची गोष्ट काढलीही. पण देवाजीनं ती उडवूनच लावली.

"साडी नेसणाऱ्या पोट्ट्याले पोरगी कोन देईन?" जेवताना तो वच्छलाला ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्या दोघं संगं चालले तं लोकाईले नणंद-भावजय दिसतीन! नाटक सोडलं त्यानं, तं पाहू."

वच्छला ताटातला भात नुसताच कालवत राहिली. नाटक सोडलं तर... आणि नाटक सुटायला असं लागत होतं तरी काय? तो हलका झाला नाही, म्हणजे झालं! गुणवंतराव नागपूरची बाई आणतील, मुखरूची साडी पेटीत जाईल आणि बाबांची हरकत तिच्याबरोबरच.

दुसऱ्या सकाळी तिच्यापुढं दोन भांडी होती. एकात सपरेट, दुसऱ्यात नुकतंच काढलेलं, फेसाळ, सायीचं दूध. उंबऱ्यावर मुखरूची चाहूल लागली. तिचा हात सपरेटकडे गेला... थांबला... आणि सायीच्या दुधाकडे वळला.

मुखरू प्याला. ओठांवरून जीभ फिरवली.

"आज गोड लागून राह्यलं," तो म्हणाला.

"गाय... गाय नवी व्यायली," ती म्हणाली आणि जोरजोरात दांडा फिरवू लागली.

तेव्हापासून त्याच्या गडव्यात सायीचं दूध पडू लागलं. तो काही विचारत नव्हता. मात्र दिवस सरत होते आणि त्याचं हसणं कमी होत होतं. एका सकाळी तो आला तो भाषण न म्हणताच उंबऱ्यावर बसला. हातात नायिकेचं हिरवं पोलकं होतं, बगलेत उसवलेलं.

"नाई होत आता," तो म्हणाला. "नागपूरले निरोप गेला म्हणते."

"मंग सोडून द्या ना," वच्छला घाईनं म्हणाली. "त्यात काय एवढं?"

तो पोलक्याच्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला.

"मी लहान होतो, तं सारे म्हणत, बिनमायचं पोरगं. कोणी धड बोलत नसे. पैल्यांदा साडी नेसून उभा राह्यलो अन् सारा मांडव गप झाला, वच्छला... तवा वाटलं, आपणबी कोणी तरी आहो." मग तो कसनुसा हसला. "बाकी तुह्या म्हणण्यात खोटं नाई. त्यात काय एवढं."

वच्छलाचा दांडा थांबला. घंटीही वाजून वाजून गप्प झाली.

"मी तुमाले सपरेट नाई देत," ती एकदम म्हणाली. "सायीचं देऊन राह्यली. मुद्दाम. तुमी जाडे राह्यले तं नाटक सुटन, अन् नाटक सुटलं तं बाबा..." तिनं पदर तोंडाशी घेतला.

तो रागावेल, गडवा आपटून निघून जाईल असं तिला वाटलं. तिनं पदराआडून बघितलं, तर तो गालात हसत होता.

"सायीची चव मले समजत नाई काय गं? पैल्याच दिवशी समजली."

"मंग... मंग पीत काऊन होते?"

"तू देत होती म्हणून."

वच्छलाला रडू येत होतं आणि हसूही. "पण वजन?"

"वजनाचं काय सांगू! सपरेट पिऊन अशी भूक लागे, का घरी जाऊन दोन ताटं भात हाणत होतो. मामी वाढे, मी हाणे. आता तुह्या सायीच्या दुधानं दुपारपर्यंत पोट गच्च राह्यते. बोटभर कमीच झालो असन. पण बोटभरानं बिरजूचं काय होते?"

"मंग उद्यापासून कोणतं देऊ?" तिनं नाक ओढत विचारलं.

"सायीचं. भात मी पाहून घेतो."

"अन् हे इकडं द्या," असं म्हणून तिनं पोलकं त्याच्या हातातून घेतलं. दोन्ही बगलांत हिरव्या कापडाची पट्टी जोडायला तिला दुपार पुरली. इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण केवढं काय करून बसलो, या विचारानं ती शिवताना स्वतःशीच लाजली.

राहिला प्रश्न तिसऱ्या अंकाचा.

शेवटची तालीम गुणवंतरावांच्या खळ्यात, उन्हं कलायच्या वेळी होती. सुगंधामामीनं चुलीवर चहा ठेवला होता; त्यासाठी दुधाची घागर घेऊन देवाजी आला होता, मागोमाग वच्छला. देवाजीनं आजवर एकही नाटक पाहिलं नव्हतं. घागर ठेवून तो निघणार, तोच बिरजूनं मुखरूला उचलायचा घाट घातला आणि त्याची कंबर लचकली. सारं खळं हसलं.

"झालं!" गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. "बाईच आणा लागते."

"मालक," मुखरू म्हणाला. हिरवं पोलकं अंगात नीट बसलं होतं, शालूचा पदर खांद्यावर होता. "राजकन्या बेसुद पडतेच कायले? बिरजूले बाण लागू द्या. ती त्याले उचलून नेईन."

"बाई गड्याले उचलन? लोक हसतीन ना गा!"

"करून तं पाहू."

बिरजू आनंदानं मातीत आडवा झाला. मुखरूनं पदर खोचला. वाकला. एक हात बिरजूच्या मानेखाली, एक गुडघ्यांखाली... आणि कुठल्याशा बाईच्या घाबऱ्याघुबऱ्या, तरी ठाम आवाजात म्हणाला, "डोळे मिटू नका. घर जवळच आहे. माझ्याकडे बघा... फक्त माझ्याकडे बघा." आणि बिरजूला उचलून तो चालू लागला. पाय लटपटत होते, ओठ घट्ट मिटले होते, आणि तो एकेक पाऊल टाकत होता.

कुणीही हसलं नाही. सुगंधामामीनं नाकाला पदर लावला. वच्छलानं बापाकडे पाहिलं, तर देवाजी दुपट्ट्यानं डोळे पुसत होता.

तालीम थांबल्यावर देवाजी आपल्या अधू पायानं लंगडत मुखरूपुढं जाऊन उभा राहिला.

"हे कुठून शिकला तू?"

मुखरूनं मान खाली घातली. "मामी सांगत असे. तुमाले अस्वलानं फाडलं होतं, तं गुणाकाकूनं जंगलातून असंच उचलून आणलं..."

गुणाबाई म्हणजे वच्छलाची आई. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तिचं नाव देवाजीच्या समोर कुणी काढत नसे.

"असंच बोलत होती ती," देवाजी म्हणाला. "असंच... डोळे मिटू नका म्हणे." मग घसा साफ करून, आवाज चढवून त्यानं विचारलं, "नाटक सोडशीन काय?"

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"नाई जी," मुखरू म्हणाला. "खोटं बोलून पोरगी नाई मागत मी."

देवाजीच्या कपाळावर आठी पडली. तो काही बोलणार, तोच वच्छला मध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, त्यानं नाटक नाई सोडलं तरी चालन मले. मी त्याले साडीतच पैल्यांदा नीट पायलं... अन् तवाच माहं मन बसलं त्याच्यावर."

चुलीवरचा चहा उतू गेला. तो उतरवायचं भान कुणाला नव्हतं.

देवाजीनं लेकीकडे पाहिलं. शालू नेसलेल्या जावयाकडे पाहिलं. मग रिकामी घागर उचलली.

"मंडई झाली का मामाले पाठव घरी," तो मुखरूला म्हणाला. "अन् येताना धोतर नेसून येजो बाप्पा."

"नायिका! अगा, नायिका कुठी गेली? चौथा अंक!" थोड्या वेळानं गुणवंतराव ओरडू लागले.

नायिका खळ्यामागं धानाच्या रचलेल्या भाऱ्यांच्या पुंजण्याआड उभी होती. वच्छलाचा हात तिच्या हातात होता. नाटकातली पानंच्या पानं पाठ असणाऱ्या मुखरूला यावेळी एकही शब्द आठवत नव्हता... आणि आठवण करून द्यायची वच्छलाला मुळीच घाई नव्हती.