नखावरचा थेंब

"हलू नकोस बाळ! श्वाससुद्धा सोडू नकोस!"

"सोडला नाही तर मरेन ना मी!"

"मग तिकडे तोंड करून सोड!"

सरोजने फूटपट्टीच्या मधोमध बांधलेला दोरा दोन बोटांत धरला होता. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक करवंटी लोंबत होती. दोन्हींत सारखाच कापूस. एका करवंटीत सात दिवसांचं, अजून डोळे न उघडलेलं मांजराचं पिल्लू. दुसरीत वाण्याकडून मागून आणलेली तोळ्याची जुनी वजनं. बारीक फरकासाठी गुंजा होत्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंजा विषारी असतात, तोंडात घालायच्या नाहीत, हे आपल्या दहा वर्षांच्या भावाला, बाळला, सरोजने आतापर्यंत पाच वेळा बजावलं होतं.

त्यांचा मित्र नाथा याने दोन गुंजा काढून घेतल्या. पट्टी सरळ झाली.

"सहा तोळे सात मासे," सरोज वहीत लिहीत म्हणाली. "काल नऊ मासे होते. म्हणजे परत कमी!"

पिल्लाचं नाव त्यांनी लवंग ठेवलं होतं, कारण ते तेवढंच होतं.

ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत कोळशाच्या खोलीमागे मांजरीला चार पिल्लं झाली. दोन दिवसांनी तिने तीन उचलून नाथाच्या घरच्या गवताच्या माळ्यावर नेली आणि चौथं तिथेच सोडलं. नाथाने ते दोनदा तिच्याजवळ नेऊन ठेवलं. दोन्ही वेळा तिने पंजाने बाजूला सारलं. मग सरोजने ते खोक्यात घालून घरी आणलं. "घरात नाही, पडवीत," असं आईने सांगितलं, म्हणून खोकं पडवीत. त्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दर दोन तासांनी शाईच्या ड्रॉपरने शेळीचं दूध, थेंब थेंब. नंतर ओल्या कापसाने पोट पुसायचं, आई चाटते तसं. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, त्यामुळे एकही पाळी चुकली नव्हती.

मग लवंग रोडावत का होती?

"गार पडत असेल," नाथा म्हणाला.

सरोजने खोक्यात हात घातला. "छे, बाटली गरम आहे. बाळ, तूच भरलीस ना रे—"

"लाड! नुसते लाड!" शेजारच्या दारातून खोकल्याची उबळ आणि मागोमाग त्र्यंबककाका बाहेर आले. कल्याणच्या एका दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते, आता पेन्शनीत. "मांजराचे केस दम्याला वाईट असतात, ठाऊक आहे? चार दिवसांत निकाल लागेल याचा!"

दार धाडकन लागलं.

"निकाल म्हणजे काय?" बाळने घाबरून विचारलं.

"म्हणजे मरेल," नाथा दात आवळून म्हणाला. "म्हातारा वाटच बघतोय!"

दुपारी सरोज आईला लोणच्याच्या मसाल्यात मदत करत होती. लवंगच्या दुधाची वेळ झाली तशी ती तशाच पिवळ्या बोटांनी बाहेर आली. नाथा आणि बाळ खोक्यापाशी होते. तिने रांजणाजवळच्या ओल्या फडक्यातून दुधाची बाटली काढली.

"आपण ऊब तपासली, वेळा तपासल्या. दूध तपासलंच नाही," ती म्हणाली.

"दुधात काय तपासायचं?" नाथाने विचारलं.

"चांगल्या दुधाचा थेंब नखावर ठरतो. पाणी घातलेलं घसरतं." तिने ड्रॉपरने अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडला. तो सरळ ओघळून बोटावर आला.

नाथा उभा राहिला. दूध त्याच्या घरून येत होतं. रोज सकाळी सात वाजता तो स्वतः आणून देई.

"तुझं म्हणणं काय? माझी आजी पाणी घालते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पण मनात आलं ना?"

सरोजने नजर ड्रॉपरकडे वळवली. मनात आलं होतंच.

"राहू दे मग! उद्यापासून दुसरीकडून आण दूध!" नाथा तरातरा पडवीच्या पायऱ्या उतरला.

"ताई! रक्त!" बाळ किंचाळला.

सरोजने अंगठ्याकडे पाहिलं. पिवळं नख लालभडक झालं होतं. तिने ते पुसलं, निरखून पाहिलं. कुठेही कापलं नव्हतं. नाथाही अर्ध्यातून परत आला.

"नाथा, गेल्या वर्षी तुझा पाय मुरगळला होता. आजीने काय लावलं होतं?"

"हळद आणि चुना. पण त्याचं इथे—" नाथा थांबला. "लाल लेप होता!"

"हळद पिवळी आणि चुना पांढरा, पण दोन्ही मिसळले की लाल. माझ्या नखाला हळद आहे. म्हणजे या दुधात चुना आहे, नाहीतर धुण्याचा सोडा. नुसत्या दुधाने हळद लाल होत नाही."

"दूध नासू नये म्हणून काही गवळी सोडा घालतात, बाबा सांगत होते," बाळ म्हणाला.

"आमच्या घरी सोडा नाहीच!" नाथा तावातावाने म्हणाला. "आजी कपडेसुद्धा राखेने धुते!"

"राखेच्या पाण्यानेही हळद लाल होते," सरोजच्या तोंडून निघून गेलं.

"नाथा, तू बोलू नकोस बाबा," बाळ कळवळून म्हणाला, "आणखी अडकशील!"

त्या संध्याकाळी सरोजने टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि त्यांच्या पट्ट्या कापल्या. दूध मात्र दुसरं मिळालं नाही. चाळीत आलेलं गाईचं दूध सकाळीच संपलं होतं, आणि नाथाच्या शेळीची धार फक्त सकाळी निघे. त्या पातळ दुधावरच लवंगने रात्र काढली.

सकाळी तिघंही नाथाच्या घरी पोचली. त्याची आजी ठमाबाई शेळीपाशी बसून धार काढत होत्या. नाथाने रात्रीच सगळं सांगितलं असणार, कारण त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय गो सरोज, माझे शेलीचे दुधान पानी?"

सरोजचे कान तापले. "आजी, मला नक्की माहीत नाही. म्हणून तपासायला आले."

"तपास ना! शेली काय पलून जात नाय!"

पट्टीवर ताज्या धारेचा थेंब टाकला. पट्टी पिवळीच राहिली. सरोजने दुसरी पट्टी घेतली. तीही पिवळी. नखावरचा थेंब मोत्यासारखा बसून राहिला.

"आजी, माझं चुकलं," सरोज म्हणाली. "मी तुमच्यावर संशय घेतला."

"चुकला तं चुकला. त्या पिलाचा काय ता बघ आधी!"

निघण्यापूर्वी सरोज माळ्यावर चढली. मांजरीने फिस्कारून बघितलं, तरी नाथाने तिच्यासमोर सुकट टाकून एक पिल्लू क्षणभर उचललं. करवंटीत त्याचं वजन भरलं पंधरा तोळे! लवंगचंच भावंड, त्याच दिवशी जन्मलेलं.

"दुपटीहून जास्त!" नाथा कुजबुजला.

घरी येऊन सरोजने दूध उकळलं, निववलं आणि पट्टीवर तपासलं. पिवळी. मग बाटलीत भरून रांजणाजवळ ठेवलं.

"इथपर्यंत दूध चांगलं आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे जे काही होतं ते या पडवीतच होतं. आपण इथे नसताना."

"आपण कधी नसतो?" बाळने विचारलं, आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "आठला! नळ येतो तेव्हा!"

आठ ते नऊ, एकच तास चाळीच्या नळाला पाणी येई. त्या तासाला सगळी चाळ बादल्या घेऊन नळावर असे. मागे राहत फक्त त्र्यंबककाका. त्यांचं पाणी शेजारची मुलं भरत. म्हणजे सरोज आणि बाळच!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी सांगत होतो," नाथा म्हणाला. "निकाल लावतोय तो!"

"पाहिल्याशिवाय नाही," सरोज म्हणाली. "एकदा चुकले तेवढं पुरे. बाळ, तू बादल्या घेऊन जा."

"सगळ्या? मी एकटा?"

"ओरडत जा. आम्हीही बरोबर आहोत असं वाटलं पाहिजे!"

बाबा कामाला होते त्या वीजघराचा आठचा भोंगा झाला. बाळ बादल्या आपटत, "ताई, लवकर चल! नाथा, ती कळशी घे!" असं एकटाच ओरडत निघाला. पडवीच्या टोकाला उन्हात गोधड्या वाळत होत्या. सरोज आणि नाथा त्यांच्या आड उभे राहिले. सरोजच्या हातात लवंग होती. आज तिचा आवाजही निघत नव्हता. सकाळी ड्रॉपर तोंडाला लावला तर तोंड उघडायलाच तिने किती वेळ घेतला होता! आणखी एक दिवस असा गेला तर उद्या वजन करायची वेळच येणार नव्हती.

शेजारचं दार करकरलं.

त्र्यंबककाकांनी दोन्हीकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पंच्याने चष्मा पुसत ते रांजणाजवळ आले. ओलं फडकं बाजूला केलं. दुधाच्या बाटलीतलं बरोबर अर्धं दूध त्यांनी आपल्या पेल्यात ओतलं, काखेतल्या निळ्या बाटलीचं बूच काढलं आणि त्यातलं पाण्यासारखं काहीतरी दुधाच्या बाटलीत घातलं, अगदी दूध आधी होतं तिथपर्यंत.

नाथाने उडी मारली. "सापडलात! विष घालताय!"

पेला हिंदकळला. काका भिंतीला टेकले. "कोण? काय? विष? मूर्खा, चुन्याची निवळी आहे ही, चुन्यावरचं स्वच्छ पाणी!"

सरोजने पुढे होऊन हळदीची पट्टी बाटलीत बुडवली. पट्टी लाल झाली.

"का घातलीत, काका?"

"का म्हणजे? कोवळं पोट आहे त्याचं! निव्वळ दूध जड पडतं. अर्धं दूध, अर्धी निवळी. तीस वर्षं तान्ह्या पोरांच्या आयांना मी असंच सांगत आलो. तुम्ही मुलं आपली घट्ट दूध पाजताय! सांगायला गेलो तर ऐकणार होतात?"

"तुम्हाला तर मांजर नको आहे!" नाथा म्हणाला.

काकांनी नजर खाली वळवली. येताना खाली ठेवलेली किटली त्यांच्या पायाशी होती. तिच्या तोंडातून वाफ येत होती. सरोजने किटलीकडे पाहिलं, मग खोक्यातल्या बाटलीकडे.

"नाथा, रोज नळावरून येताना ही बाटली गरम असते. तू भरतोस?"

"मी? मला वाटलं, बाळ भरतो."

"मी नाही!" बाळ दोन बादल्या घेऊन धापा टाकत आला होता. "मला वाटलं, ताई भरते!"

तिघांनीही काकांकडे पाहिलं. काका किटलीच्या दांडीकडे पाहत राहिले.

"रात्रीचं पाणी सकाळपर्यंत निवतं," ते पुटपुटले. "गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. एवढं तरी कळतं मला."

सरोजने वही त्यांच्यासमोर धरली. "हे बघा, काका. सात तोळे होती. मग पाच दिवस रोज कमी. आज सहा तोळे साडेपाच मासे. आणि तिचं भावंड आईच्या दुधावर पंधरा तोळे! माणसाच्या बाळाचं वजन दुप्पट व्हायला किती दिवस लागतात?"

"पाच-सहा महिने," काका चटकन म्हणाले.

"मांजराच्या पिल्लाचं आठ-दहा दिवसांत होतं. मग त्याला माणसाच्या बाळाइतकं पातळ दूध कसं पुरेल? पोट भरतं, पण पोटात दूध अर्धंच जातं."

काकांनी वही घेतली. चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ वाचली. खोकलासुद्धा आला नाही.

"म्हणजे पाच दिवस," ते हळू आवाजात म्हणाले, "मी याला उपाशी ठेवलं."

बाळने घसा साफ केला. "काका, आणि उरलेलं अर्धं दूध?"

"अं?"

"पेल्यातलं!"

काकांचे कान लाल झाले, हळदीची पट्टी झाली होती तसे. "टाकायचं कशाला? चहात घातलं. काही खास लागत नाही."

नाथा खदखदा हसला आणि मग सगळेच हसले. काकांनी पेला सरोजच्या हातात दिला. "हे अजून चोख आहे. कोमट कर. डोकं उंच धर त्याचं, आणि घाई नको. पहिल्यांदा दहाच थेंब."

सरोजने आधी पट्टी बुडवली. काकांनी वाकून पाहिलं. पट्टी पिवळी राहिली. तिसऱ्या थेंबाला लवंगने जीभ हलवली. सातव्याला ड्रॉपर पंजाने धरला.

त्या दिवशी दर दोन तासांनी काका घड्याळ घेऊन दारात उभे असत. दुसऱ्या दिवशी वजन भरलं सहा तोळे अकरा मासे. रविवारी साडेआठ तोळे, आणि एक डोळा किलकिला!

रविवारी पडवीत गर्दी होती. ठमाबाई मुद्दाम दूध घेऊन स्वतः आल्या होत्या. सरोजचे बाबा वीजघराची पाळी संपवून तसेच उभे होते. त्यांनी वही चाळली, लाल-पिवळ्या पट्ट्या पाहिल्या.

"आमच्याकडे यंत्र बिघडलं की पहिल्यांदा माणसावर ओरडतात, मग यंत्र तपासतात," ते म्हणाले. "तुम्ही एकही पायरी सोडली नाहीत. शाबास, तिघांनाही!"

"मी सोडली होती एक," सरोज म्हणाली. "ठमाआजींच्या घरी माफी मागावी लागली."

"मंग मागलीस ना?" ठमाबाई म्हणाल्या. "तवाच तं दूध घेऊन आयलू!"

"शाबास मला कोण म्हणणार?" बाळने विचारलं. "त्या दिवशी सात बादल्या मी एकट्याने वाहिल्या!"

शेजारचं दार उघडलं. त्र्यंबककाका किटली घेऊन बाहेर आले. त्यांनी वाकून गरम पाण्याची बाटली भरली, फडक्यात गुंडाळली, खोक्यात ठेवली. मग त्यांनी उजवा हात सरोजपुढे धरला. अंगठ्याच्या नखाला त्यांनी घरूनच हळद लावून आणली होती.

"टाक थेंब," ते म्हणाले. "पाजण्याआधी माझ्यासमोर तपास."

सरोजने थेंब सोडला. सगळे वाकले. नाथाचं डोकं बाळच्या डोक्यावर आपटलं.

थेंब नखावर ठाम बसला होता, आणि त्याच्याखाली हळद पिवळीच्या पिवळी होती.