चढत गेलेला सूर

अंजनाबाई जगदाळे दहिवडीहून पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला आल्या, त्या फोन न करता. पोवई नाक्यावरच्या कचेरीला अजून कुलूप होतं. नानासो किल्ली घेऊन आले तर जिन्यात म्हातारी बसलेली, मांडीवर मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कोणी पोरगा गिटारवर गातोय.

"पाखरू आलं पाण्याला, पाणी गेलं गावाला..."

नानासो हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस लाखात एक, पण डोकं घाटातल्या गाडीसारखं चालायचं. पोचायचं नक्की, वेळेचा भरवसा नाही. संयोगिता मोहिते, म्हणजे कचेरीची मालकीण, वकिली शिकली होती आणि न्यायालयात तारखा घेऊन कंटाळली होती. म्हणून तिनं खासगी तपासाचा धंदा मांडला, आणि नानासोंना सोबत घेतलं ते त्यांच्या तोंडाकडं बघून लोक खरं बोलतात म्हणून.

संयोगिता आली तेव्हा नानासो चहा सांगून ते गाणं गुणगुणत होते. तिनं म्हातारीला वर घेतलं आणि म्हणाली, की फोन करून यायचं, मावशी, उगीच तिष्ठत बसलात.

"म्या फोन करत न्हाई," अंजनाबाई म्हणाल्या. "कुणालाच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. गाणारा पोरगा त्यांचा, शिवतेज. सांगलीत शिकायला गेला आणि दोस्तांबरोबर 'पाणवठा' नावाचा बँड काढून बसला. गावात पाण्याच्या टँकरची वाट बघत मोठा झालेला पोरगा, बँडला दुसरं नाव काय देणार? दोन हजार पाचच्या महापुरात सांगलीत तो गेला. पूर ओसरल्यावर उसाच्या फडात सापडला.

त्या दिवशी सकाळी अंजनाबाईंनी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून, बँड गाणी भरायचा त्या सांगलीतल्या स्टुडिओत फोन लावला होता. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचा. नदी वाढतेय असं कानावर आलं होतं, वर पोराच्या गाण्याचा राग होताच. 'आत्ताच्या आत्ता घरी ये' म्हणाल्या. पुढं स्टुडिओचा मालक शौनक त्यांना भेटून म्हणाला, की फोन आला तसा तो उठला आणि निघाला, आणि वाटेत पाण्यानं ओढला.

म्हणजे आईनं बोलावलं म्हणून पोरगा पाण्यात गेला. हे ओझं घेऊन बाई वीस वर्षं जगली. पिंपरीला दिलेल्या लेकीला, अर्जुनाला, तिनं कधी स्वतःहून फोन केला नाही. लेकीनं केला तर उचलायची. 'घरी ये' हे शब्द तर तोंडातून गेलेच होते.

आणि मागच्या महिन्यात पुतण्यानं मोबाइलवर हे गाणं ऐकवलं. गाण्याआधी शिवतेज बोलतो, स्वच्छ ऐकू येतं: "आईचा फोन येऊन गेला. आता हे एक गाणं."

"फोन आल्यावर ते निघालं, का गात बसलं?" अंजनाबाईंनी मोबाइल संयोगितापुढं सरकवला. "येवढंच शोधून द्या, ताई. माझ्या फोनामुळं गेलं का माझं पोर?"

नानासोंनी मोबाइलकडं बघून हात जोडले. मेलेला पोरगा वीस वर्षांनी मोबाइलमधून आईबद्दल बोलतोय, हे त्यांच्या मते तपासाचं नव्हे, देवऋष्याचं काम होतं. तसं त्यांनी जिन्यात बोलूनही दाखवलं. संयोगिता म्हणाली, की भुतं गाणी पाठवत नाहीत, माणसं पाठवतात.

पाठवणाऱ्याचा माग काढायचा तर आधी 'पाणवठा अड्डा' गाठायला हवा होता. हा त्या बँडच्या वेड्यांचा मोबाइलवरचा गट; पुतण्याला गाणं तिथूनच मिळालं होतं. बँडची बाजारात एकच कॅसेट आली, तीही पन्नास दुकानांतून परत गेलेली, पण स्टुडिओत केलेल्या न छापलेल्या गाण्यांवर हे लोक जीव टाकत. कुणाकडं कोणतं रेकॉर्डिंग आहे यावर गटातला मान ठरायचा. गटाचा चालक प्रांजल लोणंदच्या एका कारखान्यात नोकरीला होता. बँड फुटला, तेव्हा हा पहिलीत असेल. पण बोलायला लागला की वाटावं, शिवतेज याच्या शेजारी राहत होता.

प्रांजलनं सांगितलं, की काही वर्षांपासून 'काठावरचा' या नावानं कुणीतरी दुर्मीळ गाणी पाठवतो. एकेक गाणं इतकं स्वच्छ, की मूळ टेपवरूनच घेतलेलं असणार. त्या स्टुडिओच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागं विजेची बारीक घूं असते. वायरिंग खराब होतं. ती घूं म्हणजे अस्सलपणाचा शिक्का, असं गटात सगळे मानत.

"आणि या नव्या गाण्यात?" संयोगितानं विचारलं.

"घूं नाही," प्रांजल पडेल आवाजात म्हणाला. अर्धा गट म्हणत होता, की जुन्या गाण्यांवरून संगणकानं बनवलेला हा नकली आवाज आहे. उरलेले गाण्याचा शेवट ऐकून रडत होते. शेवटी शिवतेजचा सूर हळूहळू चढत जातो, गिटारसकट चढत जातो, लयही भरभर होते. असं काळीज हलवणारं गाणं यंत्राला जमेल काय, असं त्यांचं म्हणणं. दोन जुने मित्र त्यावरून एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते.

संयोगितानं शेवट पुन्हा लावायला सांगितला. गाणं चढत गेलं आणि कडव्याच्या मधेच तुटलं. पुढचा तुकडा काठावरच्यानं पाठवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं मिरजेला उदयसिंहाकडं गेली. हा बँडचा ड्रमवाला. आता दवाखान्यांना औषधं पुरवतो, टक्कल पडलंय, पण बोलता बोलता बोटं टेबलावर ताल धरतात. पुराच्या दिवशी तो तापानं मिरजेत पडून होता. हे गाणं त्यानं पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं.

"नकली आहे," तो म्हणाला. "शिवाचा सूर खुंटीला बांधल्यासारखा असायचा. भांडताना हलायचा नाही, गाताना काय हलेल? हा चढणारा शिवा नव्हे."

संयोगितानं त्याला बोलतं ठेवलं. त्या सकाळी, स्टुडिओ होता त्या गावभागातली वीज पाणी रस्त्यावर यायच्या आधीच तोडली होती. पूर ओसरल्यावर हा मदतीला धावला, तर शौनकनं दारातूनच परत पाठवलं. गाळ त्यानं एकट्यानं काढला. मूळ टेपांचा लगदा झाला म्हणाला. शिवतेजचा सेलवरचा छोटा टेपरेकॉर्डर तरी आठवण म्हणून मिळावा, असं उदयसिंहाला वाटत होतं. चाल सुचली की शिवतेज त्यात गाऊन ठेवायचा. तोही कुठं गेला कळलं नाही. घरच्यांकडं असेल, म्हणाला.

शेवटी शौनक. विश्रामबागेत त्याचं दुकान आहे. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी तो मोबाइलवर उतरवून देतो. मृदू बोलणारा, केस पांढरे झालेला माणूस. नानासोंना तर बघताक्षणी आवडला.

त्याचं सांगणं वीस वर्षांपूर्वीचंच होतं, शब्दाशब्दानं. सकाळी काम चालू होतं, वीज होती. आईचा फोन आला, शिवतेज लगेच निघाला. मागोमाग यानं कुलूप लावलं आणि हा इकडं चढावर आला. टेपा होत्या तिथंच राहिल्या आणि बुडाल्या. ती क्लिप कुणा नालायकानं यंत्रावर बनवलेली. एकदा ऐकली, पुन्हा ऐकवली नाही.

मग तो आत चहा करायला गेला. नानासोंना ते गाणं कालपासून चिकटलं होतं. ते गुणगुणत राहिले आणि क्लिप तुटते तिथंच अडले. आतून चहा गाळता गाळता शौनकनं पुढची चाल गुणगुणली, कडवं पुरं केलं, आणि कप घेऊन बाहेर आला. चहा फक्कड होता.

गाडीत नानासो म्हणाले, की एवढा सज्जन माणूस हल्ली दिसत नाही.  संयोगिता म्हणाली, "नानासो, तुमचा गळा देवानं घडवताना घाई केली. पण आज त्यानंच काम केलं."

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांना शौनकच्या दुकानात जमवलं. अंजनाबाईंना नानासो दहिवडीहून घेऊन आले. उदयसिंह आला, प्रांजल आला. शौनकनं खुर्च्या मांडल्या आणि अंजनाबाईंच्या पाया पडला. त्यांनी डोक्यावर हातही ठेवला.

संयोगितानं गाणं लावलं. सूर चढत गेला, क्लिप तुटली.

"सगळ्यांनी गाणाराच ऐकला," ती म्हणाली. "अड्ड्यावरचे रडले, कारण सूर चढला. उदयसिंहांनी नकली ठरवलं, कारण शिवतेजचा सूर चढत नसे. दोघांचंही अर्धं खरं. भावना दाटून आली तर गळा चढेल, पण गिटारच्या तारा कशा चढतील? आणि लय त्याच मापानं कशी वाढेल? शिवतेज होता तिथंच होता. टेप मंद होत गेली. मंद चालणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली, की सगळंच वर चढतं."

"सेल उतरत होते," उदयसिंह पुटपुटला.

"सेल उतरत होते. म्हणून विजेची घूं नाही. जुन्या गाण्यांवरून कुणी नकली बनवलं असतं, तर घूंही आली असती, कारण ती सगळ्यांत आहे; आणि उतरत्या सेलांची नक्कल कोण कशाला करेल? हे गाणं शिवतेजनं आपल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर गायलं. वीज गेल्यावर. आईच्या फोननंतर. आणि मावशींनी आयुष्यात फोन एकदाच केला. म्हणजे हे त्याच दिवशीचं. तो फोन ठेवून लगेच निघाला नव्हता."

नानासोंनी अंजनाबाईंच्या खुर्चीजवळ आपली खुर्ची सरकवली.

"आता टेपा," संयोगिता पुढं बोलू लागली. "शौनकराव, तुम्ही म्हणता टेपा होत्या तिथं राहिल्या आणि बुडाल्या. मग काठावरच्याकडं मूळ टेपा कोरड्या कशा? त्या कुणीतरी उंचावर नेल्या. तुम्ही कुलूप लावून गेलात, तर आत कोण होतं? आणि गाळ एकट्यानं काढणाऱ्याशिवाय त्या कुणाला सापडणार?"

"हा अंदाज झाला," शौनक म्हणाला. 

"होय. पण परवा नानासो गाताना अडले आणि तुम्ही कडवं पुरं केलंत. तो तुकडा कुणी पाठवलेला नाही. उदयसिंहांनासुद्धा ते गाणं ठाऊक नाही. पुढची चाल एकालाच येते, ज्याच्याकडं टेप आहे. काठावरचे तुम्ही आहात."

प्रांजलनं मान खाली घातली. इतकी वर्षं तो ज्या नावाला देव मानत होता, तो देव समोर घामानं भिजला होता.

 कदाचित शौनक वीस वर्षं याच क्षणाची वाट बघत असावा. म्हणाला, की फोन आल्यावर शिवतेज खरंच निघत होता, पिशवी खांद्याला लावली होती. "मीच थांबवला. म्हटलं, टेपा माळ्यावर चढव, मी टेम्पो घेऊन येतो. इकडं चढावर आलो आणि मागं वळून पाणी बघितलं. रस्ता गेला होता, पण होड्या जात होत्या. कुणालाही सांगता आलं असतं. मी भ्यालो हो. उभाच राहिलो."

पूर ओसरल्यावर त्यानं दार उघडलं. माळा पत्र्यापर्यंत टेपांच्या पेट्यांनी भरलेला, सगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या, वर तो छोटा टेपरेकॉर्डर. माळ्यावर टेपांना जागा झाली होती, माणसाला उरली नव्हती. शेवटी तो पाण्यातूनच निघाला असणार.

"मग मला तसं का सांगितलंस रं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच विचारलंत. 'माझा फोन आला म्हणून निघाला का?' मी नुसतं हो म्हणालो." शौनक रडत होता. "दर वर्षी एकटाच ऐकायचो. आता सोसवेना. वाटलं, कुणीतरी ओळखावं. आणि कुणी विचारलं की भीती वाटायची."

त्यानं कपाटातून कॅसेट काढली आणि लावली. कडवं पुरं झालं. सूर इतका चढला होता, की शिवतेज लहान मुलासारखा वाटत होता. मग तो बोलला. मागं पाण्याचा आवाज होता.

"शौनक अजून आला नाही. टेपा झाल्या वर. आई म्हणत होती तेव्हाच निघायला पाहिजे होतं. आई, रागावू नको. येतो."

नंतर नुसती खरखर होती. कुणी यंत्र बंद करायला उठलं नाही.

"मावशी," संयोगिता हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या फोनामुळं तो गेला नाही. तुमचा फोन ऐकला असता, तर तो आज जिवंत असता."

प्रांजलनं खिशातला मोबाइल काढून उलटा टेबलावर ठेवला. ज्या गाण्यांवर आपण मान मिळवला ती कुणी कशी वाचवली, हे त्याला आता कळलं होतं.

अंजनाबाई उठल्या. शौनककडं बघितलं. तो पुढं सरकला तेव्हा त्यांनी हात आवरून घेतला.

"ती कॅसेट माझी हाय," त्या म्हणाल्या. "दे. बाकी तुझं तू भोग." शौनकनं ती काढून दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली.

बाहेर पायरीवर त्या थबकल्या. नानासोंना वाटलं चक्कर आली, त्यांनी पाणी पुढं केलं. म्हातारीनं ते बाजूला सारलं आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"मला लावता येत न्हाई. अर्जुनाचा लावून द्या."

नानासोंनी लावून दिला. पलीकडून लेक घाबरून विचारत होती, की आई, काय झालं, कुणाला बरं नाही का, तू कसा काय फोन केलास.

"कुणाला काय न्हाई झालं," अंजनाबाई म्हणाल्या. कॅसेट त्यांनी छातीशी धरली होती. "अर्जुना, घरी ये गं."